यंत्र आणि समता : सबब संपल्यानंतरचा प्रश्न

महानगरातील सामाजिक विषमता तंत्रज्ञानाने दूर होईल का, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा वाटतो. नळ किती इंची असावा, गाडीला किती डबे जोडावेत, नोंदणी कोणत्या ॲपवर व्हावी, एवढे ठरले की काम भागले, अशी समजूत त्यामागे असते. मुळात हा प्रश्न नीतीचा आणि धर्माचा आहे. एका इमारतीत टाकीतले पाणी दिवसभर येते आणि शेजारच्या वस्तीत पहाटे तासभर येते. मैला उपसणारे यंत्र शहरात असते, तरी माणूस गटारात उतरवला जातो. साधन हाताशी असते. ते कोणासाठी वापरायचे आणि कोणासाठी नाही, याचा निर्णय मात्र कोणीतरी आधीच घेतलेला असतो. तो निर्णय ज्या मूल्यांवर उभा आहे, ती तपासल्याशिवाय यंत्राकडून समतेची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मुंबईइतके योग्य शहर भारतात दुसरे नाही. देशातील पहिली प्रवासी रेल्वे येथून सुटली. कापडगिरण्यांचे युग येथे सुरू झाले. अस्पृश्यतेच्या विरोधात आधुनिक काळातील सर्वांत खोल विचार मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच शहरातील चाळींत वाढले, राहिले आणि येथूनच त्यांची चळवळ उभी राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. दीडशे वर्षांहून अधिक काळ नवनवी यंत्रे स्वीकारणाऱ्या शहराची ही स्थिती आहे.

यंत्राविषयीच्या तीन भूमिका

यंत्र आणि समता यांच्या नात्याविषयी भारताच्या संदर्भात तीन ठळक भूमिका मांडल्या गेल्या. पहिली कार्ल मार्क्सची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात मार्क्सचा भारताविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. रेल्वेमागोमाग आधुनिक उद्योग येतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जातिसंस्था उभी आहे ती विरघळून जाईल, असे भाकीत त्याने त्यात केले. उत्पादनाचे साधन बदलले की माणसामाणसांतील नाते बदलते, हा त्यामागचा सिद्धान्त होता.

दुसरी भूमिका महात्मा गांधींची. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक गुजरातीत लिहिले. रेल्वे आणि यंत्रोद्योग यांच्यावर त्यांनी त्यात कठोर टीका केली. यंत्र माणसाची हाव वाढवते, त्याचे श्रम हिरावून घेते आणि मूठभरांच्या हाती संपत्ती गोळा करते, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे त्यांनी आपली भूमिका काहीशी मवाळ केली. १९२४ मध्ये शिवणयंत्राचा त्यांनी अपवाद केला, कारण त्या यंत्रामागची प्रेरणा लोभाची नसून आपल्या माणसाचे कष्ट कमी करण्याच्या प्रेमाची होती, असे त्यांचे मत होते. त्यांनी लावलेली कसोटी यंत्राच्या आकाराची नव्हती, त्यामागील हेतूची होती.

तिसरी भूमिका डॉ. आंबेडकरांची. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी गांधींच्या यंत्रविरोधाला उत्तर दिले. दोष यंत्राचा नाही, यंत्रापासूनचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. माणूस आणि पशू यांच्यातला फरक संस्कृतीत आहे. संस्कृतीसाठी फुरसत लागते. आणि कष्टकरी बहुजनांना फुरसत द्यायची तर त्यांचे श्रम यंत्राने करायला हवेत. पोटासाठी दिवसभर राबणाऱ्या माणसाला वाचायला, विचार करायला वेळ कुठून मिळणार, हा त्यांचा सवाल होता. याच विचारातून त्यांनी गावगाड्याचे गोडवे गाण्याला विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी गावाला घटनेचा पाया मानण्याची सूचना स्पष्टपणे नाकारली. दलितासाठी शहर ही निनावी होण्याची, जात मागे टाकण्याची जागा होती.

या तीनही भूमिकांत सत्याचा अंश आहे. कोणत्या भूमिकेत किती, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात मिळते.

धोटा आणि डबा

गिरणीने मार्क्सचे भाकीत अर्धेच खरे केले. कोकणातून आणि देशावरून आलेल्या हजारो दलितांना गिरणी, गोदी आणि रेल्वे यांनी रोख मजुरी दिली. गावकीची वेठ सुटली, चाळीत का होईना घर मिळाले, मुले शाळेत गेली आणि या कष्टकऱ्यांच्या वर्गणीवर चळवळी उभ्या राहिल्या. हे यंत्रयुगाचे ऋण नाकारता येत नाही.

परंतु गिरणीच्या आत जात थांबली नाही. कापड विणणाऱ्या साचेखात्यात मजुरी जास्त होती आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यात (शटलमध्ये) नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा हाताळायला सवर्ण कामगार तयार नसत. त्यामुळे दलित कामगार सूतकताईच्या कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडले. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे उपस्थित केला आणि साचेखाते दलितांना खुले करण्याची मागणी केली. लँकेशायरच्या धर्तीवरचे यंत्र मुंबईत आले, पण ते चालवण्याची रीत गावाकडच्या विहिरीवरची राहिली. विहिरीवर जो नियम पोहऱ्याला होता, तोच गिरणीत धोट्याला लागू झाला.

रेल्वेचा अनुभव याहून वेगळा आहे. लोकलच्या डब्यात सकाळी साडेआठ वाजता सोवळे पाळता येत नाही. खांद्याला खांदा लागतो आणि शेजारी कोण उभा आहे हे विचारायला कोणाला सवड नसते. येथे यंत्राच्या रचनेनेच स्पर्शास्पर्शाला जागा ठेवली नाही. तरीही रेल्वेने वर्ग ठेवले. पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि २०१७ पासून वातानुकूलित लोकल, अशी पैशाने पडणारी वाटणी तिच्यात आहे. जन्मावरून होणाऱ्या वाटणीपेक्षा ही वाटणी सौम्य आहे, कारण पास काढणाऱ्याची जात कोणी विचारत नाही. पण जन्माने ज्यांच्या हाती पैसा कमी आला, ते बहुतेक दुसऱ्या वर्गातच उभे राहतात.

उंच इमारतींतील लिफ्टची कथा गिरणीकडे परत नेते. दहाव्या मजल्यावर भांडी घासायला जाणाऱ्या बाईचे पाय लिफ्टमुळे वाचतात, हे यंत्राचे देणे. त्याच इमारतीत रहिवाशांची लिफ्ट वेगळी आणि कामवाल्यांची ‘सर्व्हिस लिफ्ट’ वेगळी असेल, तर तो जुन्या वाड्याचा मागचा दरवाजा आहे. विजेची मोटर दोन्ही लिफ्ट सारख्याच वेगाने वर नेते. भेद दारावरच्या पाटीत आहे आणि ती पाटी माणसांनी लावलेली असते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा : तंत्र जेथे भेद पाळणे अशक्य करते तेथे ते समतेला मदत करते, जेथे भेद पाळण्याची सोय शिल्लक ठेवते तेथे समाज ती सोय वापरतो.

विहीर, तळे आणि नळ

पाण्याइतका महाराष्ट्रातील समतेच्या विचाराशी जोडलेला दुसरा पदार्थ नाही. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयातील लढ्याचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव होता, तळे होते, पाणीही होते. अडसर माणसांच्या मनात होता.

मुंबईत या काळात नळ पसरत होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. त्यानंतर तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर, पुढे भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज शहराला दररोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी मिळते. नळाने एक मोठी गोष्ट केली. विहिरीवर पोहरा कोणी टाकायचा हा वादच त्याने निकालात काढला. पाणी घरात आले की ते कोणाच्या हाताने आले, हे विचारण्याचे कारण राहत नाही. हौद खुला करून जोतीरावांनी जे धैर्याने केले, ते सहज सार्वत्रिक होण्याची शक्यता नळाने निर्माण केली.

ती शक्यता पूर्णपणे प्रत्यक्षात आली नाही. नळजोडणीसाठी कागद लागतो आणि कागदासाठी ‘अधिकृत’ असावे लागते. झोपडी ठरावीक तारखेनंतरची असेल तर जोडणी मिळत नसे. शहराच्या निरनिराळ्या भागांत ठरलेल्या वेळी पाणी सोडले जाते आणि त्यासाठी चावीवाले कर्मचारी रस्त्यावरच्या झडपा फिरवतात. कोणत्या वस्तीला किती वेळ आणि किती दाबाने पाणी मिळावे, हे त्या वेळापत्रकात ठरते. ज्याला परवडते तो मोटर लावून नळातून पाणी ओढून घेतो आणि पुढच्या घरांचा दाब कमी होतो. ज्याला नळच नाही तो टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या वस्तीतून हंड्यामागे पैसे मोजून पाणी घेतो. त्यामुळे गरीब माणूस एकेका लिटरला श्रीमंतापेक्षा अधिक किंमत देतो.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी देण्याची जबाबदारी महानगरपालिकेवर टाकली. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. जलवाहिन्या पूर्वीही होत्या आणि झडपाही होत्या. बदलली ती ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ती. झोपडीचा मालकी हक्क आणि झोपडीतल्या माणसाची तहान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

मुंबईच्या पाण्याची दुसरी बाजू शहराबाहेर आहे. तानसा, भातसा यांसारखी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक आदिवासी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यांच्या डोळ्यांसमोरून प्रचंड व्यासाच्या जलवाहिन्या मुंबईकडे जातात. महानगराच्या समतेचा हिशेब महानगराच्या हद्दीत संपत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. शहरातल्या दोन गल्ल्यांत समान पाणी वाटले तरी ज्यांच्या जमिनीवरून ते आले त्यांना ते मिळत नसेल, तर अन्याय फक्त जागा बदलतो.

गटारातील माणूस

तंत्रज्ञान आणि विषमता यांचा सर्वांत कठोर सामना भूमिगत गटाराच्या तोंडाशी होतो. भारतात हे काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट दलित जातींच्या वाट्याला आले. १९९३ मध्ये मानवी मैला हाताने वाहण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. २०१३ च्या नव्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारे आणि मैलाटाक्या साफ करण्यास माणसाला उतरवणेही गुन्हा ठरवले. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. यंत्रांचीही वानवा नाही. मैला खेचून घेणाऱ्या आणि जोरदार फवाऱ्याने तुंबलेले गटार मोकळे करणाऱ्या गाड्या मोठ्या शहरांत अनेक वर्षे वापरात आहेत. २०१८ मध्ये केरळमधील तरुण अभियंत्यांनी तयार केलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव तिरुवनंतपुरममध्ये गटारसफाईसाठी उतरवण्यात आला.

तरीही विषारी वायूने गुदमरून माणसे मरतात. याची कारणे ठाऊक आहेत. यंत्राची गाडी अरुंद गल्लीत शिरत नाही. सोसायटीची मैलाटाकी उपसण्याचे काम ठेकेदाराकडे जाते, ठेकेदार ते पोटठेकेदाराला देतो आणि तो नाक्यावरून मजूर उचलतो. यंत्राचे भाडे मजुराच्या रोजापेक्षा जास्त पडते. या साऱ्या कारणांच्या मुळाशी एकच मोजमाप आहे : काही माणसांचा जीव यंत्राच्या भाड्यापेक्षा स्वस्त मानला गेला आहे. तो स्वस्त मानायला जातीने शिकवले आणि बाजाराने त्याची किंमत लिहून ठेवली.

येथे गांधी आणि आंबेडकर यांच्यातील मतभेदाचा सर्वांत खोल पैलू समोर येतो. गांधींनी सफाईच्या कामाला सेवेची, जवळजवळ साधनेची प्रतिष्ठा देऊ पाहिली आणि स्वतःच्या आश्रमात ते काम सर्वांनी करावे असा आग्रह धरला. त्यांची कळकळ खरी होती. डॉ. आंबेडकरांचे उत्तर असे होते की, ज्यांच्यावर जन्माने हे काम लादले गेले त्यांना त्याचे पावित्र्य सांगणे म्हणजे बेडीला दागिना म्हणणे आहे. कामाला प्रतिष्ठा देण्याने माणूस त्या कामातून सुटत नाही. त्याला त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग मिळाला पाहिजे, आणि त्याच्या श्रमाची जागा घेणारे यंत्र हा त्यांपैकी एक मार्ग आहे.

धर्मशास्त्राच्या परंपरेत आपद्धर्म ही कल्पना आहे. संकटात, इलाज नसताना माणसाने केलेल्या गोष्टीला वेगळा न्याय लागतो. गटारसफाईच्या बाबतीत समाज पिढ्यान्‌पिढ्या याच सबबीवर निभावून नेत आला की, घाण तर काढलीच पाहिजे आणि ती कोणीतरी काढलीच पाहिजे. यंत्र आल्यानंतर ही सबब संपली. आता माणूस गटारात उतरतो तो समाजाच्या नाइलाजाने उतरत नाही, समाजाच्या निवडीने उतरतो. यंत्राने समाजाची नैतिक जबाबदारी कमी केली, असे वाटत असले तरी प्रत्यक्षात ती वाढवली आहे. तंत्रज्ञानाचे समतेच्या बाजूने सर्वांत मोठे कार्य हेच म्हणता येईल.

मोजदाद, ओळख आणि अंगठा

एकविसाव्या शतकातील नगरतंत्र पाइप आणि इंजिन यांच्यापेक्षा माहितीवर अधिक चालते. कोण कुठे राहतो, कोणाला काय मिळते, कोण पात्र आणि कोण अपात्र, हे ठरवणारी साधने आता निर्णायक झाली आहेत. त्यांचा इतिहास संगणकाच्या आधीपासून सुरू होतो. १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबईतील झोपड्यांची गणना केली आणि झोपडीधारकांना फोटोपास दिले. तो कागद अनेक कुटुंबांनी पुढे घरातल्या सोन्यासारखा जपला, कारण त्यावर शहरात टिकून राहणे अवलंबून होते. १९८५ मध्ये पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले, मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईतील पदपथवासीयांची स्वतंत्र पाहणी प्रसिद्ध केली. शासनाच्या नोंदीत जे नव्हते, त्यांनी आपली नोंद आपल्या हातांनी करण्याची ही पद्धत झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांनी आणि ‘महिला मिलन’ या स्त्रियांच्या संघटनेने पुढे नेली. मोजले जाणे आणि स्वतःला मोजणे यांत जो फरक आहे, तो त्यांनी दाखवून दिला.

मोजदादीने विषमता उघडी पडते, याचे उदाहरण २०२० मध्ये मिळाले. कोरोनाच्या पहिल्या लाटेत जुलै महिन्यात मुंबईच्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. एकच विषाणू, एकच शहर आणि संसर्गात साडेतीन पटींचा फरक. अंतर राखायला खोली लागते, हात धुवायला पाणी लागते आणि घरी बसायला साठवलेला पैसा लागतो, हे त्या दोन आकड्यांनी सांगितले. प्रयोगशाळेतील चाचणी येथे न्यायाची साक्षीदार झाली.

त्याच साधनांनी माणूस बाहेरही ठेवला जातो. २०२१ मध्ये लसीकरणासाठी तरुणांना आधी ‘कोविन’ या संकेतस्थळावर नोंदणी करून वेळ मिळवावी लागत होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि वेगवान इंटरनेट, त्यांच्या हाती वेळ लागत असे. घरकाम करणारी बाई किंवा बांधकामावरचा मजूर मागे राहत असे. सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि पुढे केंद्रावर येऊन थेट लस घेण्याची मुभा सर्वांना मिळाली. सरकारी केंद्रांवर लस मोफत असूनही रांगेचे तोंड बदलल्याने कोण पुढे आणि कोण मागे हे बदलले होते.

आधार क्रमांकाचे वाटप सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून सुरू झाले. ज्यांच्याकडे कोणताही ओळखीचा कागद नाही, त्यांना ओळख मिळावी ही त्यामागची घोषित भूमिका होती आणि अनेकांना बँकेचे पहिले खाते त्यातून मिळाले, हेही खरे. पण शिधावाटप दुकानातील यंत्रावर अंगठा लागला नाही, तर धान्य मिळण्यात अडथळा येतो. हा अंगठा कोणाचा लागत नाही? वर्षानुवर्षे भांडी घासून, सिमेंट कालवून, विटा उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा. वार्धक्याने ज्यांची कातडी सुरकुतली त्यांचा. ज्या श्रमाने शहर उभे राहिले, त्याच श्रमामुळे त्या माणसाची ओळख यंत्राला पटत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार कायदा काही मर्यादा घालून वैध ठरवला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या विरोधी मतात अशा वगळल्या जाणाऱ्यांच्या प्रश्नाला महत्त्वाचे स्थान दिले.

२०२४ मध्ये धारावीतील घरांचे सर्वेक्षण ड्रोन आणि लायडार या लेझरने अंतर मोजणाऱ्या साधनाच्या साहाय्याने सुरू झाले. अशा साधनांनी प्रत्येक घराची लांबी-रुंदी अचूक मिळते. पण पात्रतेची तारीख कोणती, पोटमाळ्यावर राहणारे कुटुंब कुटुंब मानायचे की नाही, भाडेकरूला स्थान द्यायचे की नाही, हे लायडार सांगत नाही. अचूक मोजमाप आणि न्याय्य वाटप यांच्यात माणसाच्या निर्णयाचे अंतर कायम राहते, आणि ते अंतर झाकण्यासाठी अचूकतेचा आधार घेणे ही नव्या काळातील मोठी नैतिक चूक आहे.

प्रज्ञा, शील आणि करुणा

या सर्व उदाहरणांचा अर्थ लावण्यासाठी बौद्ध विचारातील एक सूत्र उपयोगी पडते. कोणतीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही, अनेक कारणांच्या एकत्र येण्याने घडते, असे प्रतीत्यसमुत्पाद सांगतो. विषमताही अशीच आहे. साधनांची कमतरता, मालमत्तेची वाटणी, जातीची सवय, कायद्याची दुबळी अंमलबजावणी आणि मनातील तुच्छता ही तिची एकमेकांत गुंतलेली कारणे आहेत. तंत्रज्ञान यांपैकी पहिले कारण दूर करते आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर थोडाफार परिणाम करते. उरलेली कारणे तशीच राहिली तर ती नव्या साधनाला आपल्या कामाला जुंपतात. धोट्याचे, सर्व्हिस लिफ्टचे आणि चावीच्या वेळापत्रकाचे स्पष्टीकरण यात आहे.

डॉ. आंबेडकरांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात याच दिशेने विचार नेला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात त्यांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ चालू ठेवता येणार नाही. बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता वरवरचीच राहतात, असेही ते म्हणाले. १९५४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचे सांगितले. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी प्रज्ञेइतकेच शीलाला महत्त्व दिले. शील नसलेल्या माणसाच्या हातातील ज्ञान धोक्याचे असते, कारण त्याचा उपयोग तो रक्षणासाठी करील की मारण्यासाठी, हे त्याच्या शीलावर ठरते.

यंत्र हे प्रज्ञेचे मूर्त रूप आहे. माणसाने निसर्गाचे नियम ओळखून घडवलेले ज्ञान त्यात साठवलेले असते. म्हणून यंत्राला जो दर्जा आहे तो प्रज्ञेचा आहे आणि प्रज्ञेला जी अट आहे तीच यंत्राला लागू होते. यंत्रविरोध हे उत्तर नव्हे, कारण प्रज्ञेचा त्याग करून करुणा प्रत्यक्षात आणता येत नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाबद्दल हळहळणे आणि त्याला यंत्र न देणे, ही अपुरी करुणा आहे. यंत्रपूजा हेही उत्तर नव्हे, कारण शीलाविना प्रज्ञा ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचेच हात बळकट करते.

काहींचे म्हणणे असे असते की, आधी माणसांची मने बदलावीत, मग साधने आपोआप योग्य रीतीने वापरली जातील. या म्हणण्यात एक अन्याय दडलेला आहे. मन बदलेपर्यंतची वाट ज्याने पाहायची, तो गटारातला मजूर असतो, हंडा घेऊन रांगेत उभी असलेली मुलगी असते. ज्याला काहीच सोसावे लागत नाही, तोच सवडीने मनपरिवर्तनाची भाषा बोलू शकतो. महाडला जमलेल्यांनी सवर्णांचे मन बदलण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी पाण्याला हात लावला. कायदा, साधन आणि मन यांचा बदल एकाच वेळी, एकमेकांना ओढत व्हावा लागतो.

म्हणून महानगरातील कोणत्याही नव्या तंत्राची नैतिक परीक्षा काही साध्या प्रश्नांनी करता येते. या यंत्राने पहिले ओझे कोणाच्या डोक्यावरून उतरले? सर्वांत जड ओझे वाहणाऱ्याच्या डोक्यावरून, की ज्याचे ओझे मुळातच हलके होते त्याच्या? यंत्र चुकले तर त्या चुकीचा भार कोणावर पडतो? अंगठा लागला नाही म्हणून उपाशी राहणारा माणूसच दोषी ठरतो, की त्याला आधी धान्य देऊन चूक नंतर शोधली जाते? आणि ज्याच्यासाठी यंत्र आणले, त्याला ते घडवताना विचारले होते का? पदपथवासीयांनी स्वतःची गणना स्वतः केली, तेव्हा नोंदवहीत काय लिहायचे हे त्यांनी ठरवले. सफाई कामगाराला विचारून बनवलेले यंत्र अरुंद गल्लीत शिरेल असेच बनते, कारण ती गल्ली त्याने पाहिलेली असते.

या प्रश्नांची उत्तरे देताना खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे येतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. ज्या शहराने दूरवरच्या नद्या अडवून पाणी आणले आणि समुद्रावर पूल बांधले, त्या शहराला मैलाटाकी उपसणारे छोटे यंत्र प्रत्येक वस्तीत पोचवणे अशक्य नाही. शक्य असूनही न केलेली गोष्ट ही नीतीच्या हिशेबात केलेल्या गोष्टीइतकीच नोंदली जाते. यंत्र नव्हते तोवर समाजाला नाइलाजाच्या मागे लपता येत होते. यंत्र आल्यानंतर माणूस गटारात उतरतो, वस्तीतला नळ कोरडा राहतो आणि झिजलेल्या अंगठ्याला धान्य नाकारले जाते, तेव्हा त्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही. ती यंत्र ज्यांच्या हाती आहे त्या समाजाची आहे.